बाबासाहेबांचा रुपया तुमच्या चिल्लरीत आहे काय?

बुलडाणा जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांमधून फिरताना एक गोष्ट आम्हाला वारंवार दिसते. भिंतीवर तथागतांची व बाबासाहेबांची तसबीर असते आणि त्या तसबिरीच्या चौकटीत, काचेच्या खालच्या कोपऱ्यात, एक रुपयाचे नाणे खोचलेले असते. कुणाच्या घरी ते लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीत असते, कुणाकडे मुलाच्या कंपासपेटीत. हे नाणे सोन्याचे नाही, चांदीचेही नाही. बाजारात दिले तर एक रुपयाचाच माल येतो. तरी ते खर्चायला कुणाचा हात होत नाही, कारण त्यावर बाबासाहेबांची मुद्रा आहे.

भारत सरकारने हे नाणे १९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त काढले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले होते. नाण्याच्या एका बाजूस अशोकस्तंभावरचे सिंह आणि एक रुपया हे मूल्य; दुसऱ्या बाजूस बाबासाहेबांचा चेहरा, त्यांचे नाव आणि १९९० हे साल. तांबे व निकेल यांच्या मिश्रणाचे, २६ मिलिमीटर व्यासाचे आणि सहा ग्रॅम वजनाचे हे नाणे आहे. महत्त्वाची गोष्ट अशी की, ते मखमली डबीत घालून विकण्यासाठी पाडलेले नव्हते, रोजच्या व्यवहारात चालवण्यासाठी पाडलेले होते. म्हणून ते कापसाच्या पैशातून आले, किराणा दुकानाच्या गल्ल्यातून आले, एस.टी.च्या वाहकाच्या चामडी पिशवीतून आले. ज्यांच्याकडे ते आहे, त्यांतल्या बहुतेकांनी ते विकत आणलेले नाही. मोडीत आले, कुणाच्या तरी डोळ्याने ओळखले आणि ते घरात राहिले.

मोताळा तालुक्यातील एका बाईंना ते पिठाच्या गिरणीवर दळणाच्या पैशातून परत मिळाले होते. त्यांना अक्षर वाचता येत नाही, पण चष्मा आणि कोट वाचता येतो, असे त्या हसत म्हणाल्या. मेहकरकडच्या एका निवृत्त वाहकाने आम्हाला सांगितले की, हिशेब देण्याआधी ते रोज चिल्लर पसरून पाहत. बाबासाहेबांचा रुपया निघाला की खिशातला साधा रुपया त्या जागी ठेवायचा आणि तो बाजूला काढायचा. महामंडळाचा हिशेबही बरोबर आणि घरची ठेवही वाढती! त्यांच्या तिन्ही मुलींच्या मंगल परिणयात प्रत्येकीला त्यांनी त्यातले एकेक नाणे दिले.

आता वाचक विचारतील की, हे नाणे अजून चिल्लरीत मिळते काय? मिळते, पण पूर्वीसारखे नाही. १९९२ पासून एक रुपयाचे लहान, पोलादी नाणे आले. तांबे-निकेलची जुनी नाणी आजही कायदेशीर चलन आहेत, मात्र ती बँकेत जमा झाली की पुन्हा बाहेर येत नाहीत. त्यात मोबाईलवरून पैसे देण्याची सोय आल्यापासून चहाच्या टपरीवरही नाण्यांचा खळखळाट कमी झाला आहे. एके काळी सुटे पैसे नाहीत म्हणून वाहक तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून देई आणि उतरताना ती मागायची राहून जाई. ते दिवस आता गेले. म्हणून शोधायचे तर चिल्लर जिथे साचून राहते तिथे शोधले पाहिजे. मुलांचा मातीचा गल्ला, विहाराची दानपेटी, बचत गटाची पत्र्याची पेटी, पंक्चरवाल्याचा डबा, आजीच्या कनवटीची पिशवी. या जागी नाणी वर्षानुवर्षे पडून असतात आणि त्यांना बँकेची वाट माहीत नसते.

लोहचुंबकाची युक्ती

चिल्लरीचा ढीग मोठा असेल तर एकेक नाणे उलटून पाहण्यात डोळे शिणतात. त्यावर एक सोपी युक्ती आहे. जुन्या, बिघडलेल्या रेडिओच्या कर्ण्यातला लोहचुंबक काढून घ्यावा आणि एक व दोन रुपयांच्या नाण्यांवरून फिरवावा. पोलादी नाणी चटकन चिकटतात, तांबे-निकेलची खाली राहतात. जी खाली राहिली ती जुनी. त्यांत बाबासाहेबांचा रुपया असेल तर तो इथेच दिसेल. दोन रुपयांच्या नाण्यांत छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ सालचे नाणेही याच राहिलेल्या ढिगात सापडते; सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात ते जपणारी घरे पुष्कळ आहेत.

पण चिकटलेली नाणी अगदीच टाकाऊ समजू नयेत. संत ज्ञानेश्वरांचा १९९९ चा एक रुपया पोलादी आहे. पंडित नेहरूंचा १९६४ चा व गांधीजींचा १९६९ चा रुपया शुद्ध निकेलचा आहे आणि निकेलही चुंबकाला चिकटते. नेहरूंचे ते नाणे म्हणजे प्रजासत्ताक भारतात व्यक्तीच्या स्मरणार्थ निघालेले पहिले नाणे होय. तेव्हा चुंबकाने काम अर्धे होते, उरलेले अर्धे डोळ्यांनीच करायचे.

जुन्या ढिगात आणखी काय काय निघते ते पाहिले म्हणजे मौज वाटते. अंगणवाडी सेविका भगिनींनी एक नाणे अवश्य शोधावे. १९९० सालीच एकात्मिक बाल विकास सेवा योजनेला पंधरा वर्षे झाली म्हणून एक रुपयाचे नाणे निघाले होते. ज्या योजनेच्या मानधनावर आपल्या कितीतरी भगिनींचे घर चालते, तिच्या नावाचे नाणे आपल्याच हातातून जाऊन आपल्याला ठाऊक नसावे, हे बरे नाही. त्याच वर्षीचे बालिका वर्षाचे नाणे आहे. १९८७ चे अल्पभूधारक शेतकऱ्यांचे नाणे आहे. १९९४ चे कुटुंब वर्षाचे आहे. त्याआधीची दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी घेतली तर १९७४ चे कुटुंब नियोजनाचे आणि १९७५ चे महिला वर्षाचे नाणे मिळू शकेल. पंचवीस पैसे व त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. त्यामुळे ती दुकानात चालत नाहीत, पण वहीत लावायला कोण नको म्हणतो? गेंड्याच्या चित्राचे चार आणे आणि कमळाचे पितळी वीस पैसे तर मुलांना फार आवडतात. पन्नास पैसे मात्र आजही कायदेशीर आहेत, दुकानदार काहीही म्हणोत.

सालाच्या खाली एक बारीक खूण असते, तिकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. हिऱ्याच्या आकाराची खूण असेल तर नाणे मुंबईच्या टांकसाळीचे, चांदणी असेल तर हैदराबादचे, वाटोळे टिंब असेल तर नोएडाचे आणि काहीच नसेल तर कोलकात्याचे. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याआधीच्या नाण्यावर ते टिंब शोधण्यात अर्थ नाही. आपल्या टांकसाळींना पुरवठा झेपेना तेव्हा काही नाणी परदेशातूनही पाडून आणली. १९८५ च्या काही रुपयांवर इंग्रजी एच अक्षर आहे, ती इंग्लंडात बर्मिंगहॅमला पाडलेली. एकाच सालाची चार टांकसाळींची चार नाणी जमवणे हा मुलांसाठी चांगला खेळ आहे. त्यात पैसा लागत नाही आणि नकाशा पाठ होतो.

चुकीने पडलेली नाणीही लोक जपतात. पाहण्याची रीत अशी. नाणे सिंहाची बाजू सरळ करून दोन बोटांत धरावे आणि पुस्तकाचे पान उलटावे तसे डावीकडून उजवीकडे फिरवावे. मागची बाजू सरळच दिसली पाहिजे. ती तिरपी किंवा उलटी दिसली तर ठसा फिरलेला आहे, आणि अशा नाण्याला संग्राहक चार पैसे जास्त देतात. चार पैसे म्हणजे चार पैसेच. लाखाच्या गोष्टीकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

रुपयाचा प्रश्न मांडणारा माणूस रुपयावर

एक रुपयाच्या नाण्यावर बाबासाहेब आहेत, यात एक वेगळेच औचित्य आहे आणि ते आपल्या तरुणांना माहीत असले पाहिजे. बाबासाहेबांनी लंडन विद्यापीठाच्या डी.एस्सी. पदवीसाठी जो प्रबंध लिहिला तो रुपयावरच होता. ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या नावाने तो १९२३ मध्ये लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशन संस्थेने प्रसिद्ध केला. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि प्रस्तावनेतच लेखकाशी आपले मतभेद आहेत असे मोकळेपणाने सांगितले. अशी प्रस्तावना मिळवणारा विद्यार्थीही मोठा आणि लिहिणारा गुरूही मोठा!

प्रबंधाचा विषय आमच्यासारख्या साध्या माणसाला जड वाटतो, पण त्याचे मूळ आजीच्या गाठोड्यातल्या रुपयाशीच आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात १८० ग्रेनचा, म्हणजे एक तोळ्याचा, चांदीचा रुपया ठरवला. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. पुढे जगात चांदी स्वस्त झाली, रुपयाचा भाव घसरत गेला आणि १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. तेव्हापासून रुपयातल्या चांदीची किंमत वेगळी आणि रुपयाची किंमत वेगळी झाली. रुपये किती पाडायचे ते सरकार ठरवू लागले. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे की, टांकसाळ लोकांना बंद असेल तर ती रुपये पाडायला सरकारलाही बंद असावी. सरकारने मनाला येईल तितके रुपये पाडले की वस्तू महाग होतात आणि त्याची झळ मोजक्या मजुरीवर जगणाऱ्याला आधी लागते. हाच विचार त्यांनी १५ डिसेंबर १९२५ रोजी हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देताना मांडला. या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि पुढे १ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

जयंतीच्या भाषणात या ग्रंथाचे नाव घेतले जाते आणि टाळ्या पडतात. पण तो उघडून वाचणारे किती, हा प्रश्न आम्ही आमच्या वक्त्यांनाही विचारू इच्छितो. वाणिज्य शाखेच्या एखाद्या विद्यार्थ्याने विहारात चार रविवार बसून त्यातले एकेक प्रकरण मराठीत समजावून सांगितले, तर नाणे जमवण्याच्या या छंदाला खरे बळ येईल.

ज्यांच्या घरी चांदीचा रुपया आहे त्यांनी आणखी एवढे लक्षात ठेवावे. राणी छाप असो की पुढच्या राजांचा, १९३९ पर्यंतच्या रुपयात चांदी बारा भागांत अकरा भाग. १९४० पासून १९४५ पर्यंतच्या रुपयात निम्मीच. १९४७ चा, पाठीवर वाघ असलेला रुपया तर निकेलचा, त्यात चांदी नाहीच. खामगाव ही चांदीची मोठी बाजारपेठ. अडचणीच्या वेळी कितीतरी कुटुंबांनी आपले कलदार तिथल्या तराजूत टाकले आहेत. गरज पडली तर विकावे, त्यात कमीपणा नाही. पण विकण्याआधी साल पाहावे. १९३९ सालाचा रुपया फार दुर्मीळ आहे. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावे लागले. असे नाणे वजनाच्या भावात गेले तर नुकसान आपलेच. १९४३ ते १९४७ या काळातला भोकाचा पैसा मात्र अजून बऱ्याच घरांत आहे; त्याची किंमत मोठी नाही, पण मुलांना दाखवण्यासारखा आहे. सोळा आण्यांचा रुपया जाऊन शंभर नव्या पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ रोजी आला. तरी चाराणे आणि आठाणे हे शब्द काही तोंडातून गेले नाहीत.

परत लोटलेले नाणे

आमच्या आजोबांच्या पिढीतली माणसे सांगत की, त्यांना नाणे पाहायलाच क्वचित मिळे. बलुते धान्यात, मजुरी धान्यात. कधी पैसा हाती आलाच आणि दुकानात गेले, तर तो दुकानदाराच्या हातात द्यायचा नाही, उंबऱ्यावर ठेवायचा. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून मग उचलणार. मीठ-मिरची दुरून टाकली जाई आणि मोड वरून ओंजळीत सोडली जाई. एकच नाणे, राजाचा छाप तोच, वजन तेच. पण या हातातून त्या हातात जाताना त्याला विटाळ होत होता. ज्यांनी हे भोगले, त्यांच्या नातवंडांनी बाबासाहेबांचा रुपया तसबिरीत का लावला, ते बाहेरच्या माणसाला सांगून समजत नाही.

म्हणून अलीकडची एक गोष्ट आम्हाला फार लागली. बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंती वर्षात, ६ डिसेंबर २०१५ रोजी, दिल्लीत त्यांचे दहा रुपयांचे आणि १२५ रुपयांचे नाणे प्रसिद्ध झाले. १२५ चे नाणे केवळ संग्रहासाठी होते, पण दहाचे दोन धातूंचे नाणे व्यवहारात आले. नेमक्या त्याच सुमारास दहाचे नाणे खोटे आहे, ते बंद झाले आहे, अशी अफवा पसरली. आपल्या जिल्ह्यातही दुकानदार, रिक्षावाले, भाजीवाले ते नाणे परत लोटू लागले. अफवा दहाच्या सगळ्याच नाण्यांबद्दल होती, बाबासाहेबांच्याच नाण्याबद्दल नव्हती, हे आम्ही जाणतो आणि उगाच कुणावर आरोप करत नाही. पण चिखलीच्या बाजारात एका म्हाताऱ्या आईने बाबासाहेबांचे नाणे पुढे केले आणि ‘हे चालत नाही’ म्हणून ते ओट्यावरून मागे सरकवले गेले, तेव्हा तिच्या मनात काय उभे राहिले असेल?

रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट खुलासा केला की, दहा रुपयांच्या नाण्याच्या तोवर निघालेल्या चौदाही नमुन्यांची नाणी कायदेशीर आहेत. रुपयाचे चिन्ह असलेली आणि नसलेली, दोन्ही. नाणे कायदा २०११ नुसार एक रुपया व त्यावरील नाणी एका वेळी एक हजार रुपयांपर्यंत कायदेशीर देणे ठरतात. तेव्हा दहाचे नाणे कुणी नाकारले तर भांडू नये, पण गप्पही बसू नये. बँकेत जाऊन ते जमा करता येते आणि दुकानदाराला हा खुलासा दाखवता येतो. आमच्या माहितीतल्या एका गावच्या तरुणांनी तो कागद छापून बाजारपेठेतल्या दुकानांत नेऊन दिला, तेव्हापासून तिथे तक्रार नाही.

लाखाचे नाणे

आता त्या लाखाच्या गोष्टीकडे येऊ. मोबाईलवर चित्रफिती फिरतात. वैष्णोदेवीचे चित्र असलेले पाचचे नाणे दहा लाखाला, ट्रॅक्टरची पाचची नोट दोन लाखाला, बाबासाहेबांचा रुपया पन्नास हजाराला! वाचक बंधू-भगिनींनो, यातले काहीही खरे नाही. बाबासाहेबांचा रुपया मोठ्या प्रमाणावर पाडला गेला. नाणी विकणाऱ्यांकडे वापरलेले नाणे थोडक्या रुपयांत मिळते. जे नाणे शेजाऱ्याच्या घरीही आहे त्याला लाख कोण देईल, एवढा विचार केला तरी पुरे.

या फसवणुकीची रीत ठरलेली असते. आधी तुमच्या नाण्याचे छायाचित्र मागतात. मग अभिनंदन करतात. मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचे, शिक्क्याचे पत्र पाठवतात. त्यानंतर नोंदणीचे दोन हजार, कराचे आठ हजार, विम्याचे पंधरा हजार असे मागत जातात. रक्कम मिळाली की फोन बंद. आमच्या परिचयातल्या एका शिकलेल्या मुलाने नोकरीच्या परीक्षेसाठी साठवलेले पैसे असेच घालवले आणि लाजेपोटी तीन महिने घरी सांगितले नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला की, जुन्या नाण्या-नोटांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही, त्यासाठी शुल्क घेत नाही आणि कुणालाही तसा अधिकार दिलेला नाही. कुणी फसले असेल तर लाजू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणे कठीण.

याचीच गावठी भावंडे म्हणजे तांदूळ ओढणारे तांब्याचे नाणे आणि शेतात सापडलेल्या सोन्याच्या स्वस्त गिन्न्या. तांब्याचे नाणे तांदूळ ओढत नाही. ज्याला खरोखर सोने सापडले तो ते परक्याला अर्ध्या भावात का देईल? गुप्तधनासाठी मांत्रिक बसवणे हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खरी जुनी नाणी मात्र आपल्या भागात जमिनीत आहेत, हे विसरू नये. शेजारच्या आजच्या वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर भागातल्या तऱ्हाळा गावी १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे सोळाशे नाण्यांचा साठा सापडला. त्यावर एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती होता. वा. वि. मिराशी यांनी ती नाणी वाचली, तेव्हा इतिहासाला ठाऊक नसलेल्या सातवाहन राजांची नावे पुढे आली. सातवाहनांचा तो काळ लेण्यांचा आणि विहारांचा. आपल्याच संग्रामपूर तालुक्यात भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात स्तूपाचे अवशेष मिळाले, ते अनेकांना माहीत आहे. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात तर नाण्यांचा हिशेबच कोरलेला आहे. तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले, दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने. त्या व्याजातून वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. विहाराच्या दानपेटीचा हिशेब कसा ठेवावा, याचा इतका जुना आणि इतका चोख नमुना दुसरा आम्ही पाहिलेला नाही.

नांगराच्या फाळाला असा साठा लागला तर तो वाटून घेऊ नये. १८७८ चा कायदा अजून लागू आहे आणि दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तू ठरतात. ती परदेशी नेता येत नाहीत आणि त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो. कायदा बाजूला ठेवला तरी, तऱ्हाळ्याचा साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर त्या राजांची नावेही गेली असती.

घरच्या नाण्यांबद्दल भगिनींना एक विनंती. तांब्याची भांडी चिंचेने घासता तशी नाणी घासू नका. राख नको, लिंबू नको, पॉलिश नको. जुन्या नाण्याचा काळसर रंग हेच त्याचे वय. तो गेला की जाणकार नाणे हातात घेत नाहीत. गळ्यात घालण्यासाठी भोक पाडले तरी तेच. साध्या पाण्याने धुऊन, कोरडे करून, कागदाच्या लहान पाकिटात ठेवावे. आणि पाकिटावर ते कुठे, कधी आणि कुणाच्या हातून आले हे लिहावे. मोल नाण्याचे असते तसे या चार शब्दांचेही असते. मोताळ्याच्या त्या बाईंचे नाणे उद्या नातीकडे जाईल तेव्हा गिरणीची गोष्ट बरोबर गेली नाही, तर ते कुठल्याही नाण्यासारखे एक नाणे होईल.

मलकापूरजवळच्या एका विहारात मुलांनी यासाठी शंभर पानी वही घातली आहे. उभ्या रेघा मारून साल, खूण, धातू, कुठे मिळाले असे रकाने केले आहेत. आम्ही गेलो तेव्हा छत्तीस नोंदी झाल्या होत्या. चौथीतल्या मुलीने केलेली शेवटची नोंद अशी होती: दोन रुपये, शिवाजी महाराज, १९९९, हिरा, चुंबकाला चिकटत नाही, मलकापूर-बुलडाणा बस, कंडक्टर काकांनी स्वतः शोधून दिले.